कुंपणाबाहेरून पाहिलेला पांढरा पळस

भालचंद्रकाका आमच्या गल्लीत राहायला आले तेव्हा सगळ्यात आधी खटकली ती त्यांची नजर. समोरून माणूस गेला तरी त्यांचं लक्ष नसायचं, पण नालीच्या काठाला उगवलेल्या एकदांडीच्या रोपासमोर ते उकिडवे बसून राहायचे. डोळ्याला भिंग, मांडीवर पुठ्ठा, त्यावर चिमट्याने लावलेला कागद. डोणगावात एकटा माणूस खोली भाड्याने घेतो, बायको नाही, मूलबाळ नाही, इथला कोणी नातेवाईकही नाही, एवढं लोकांना पुरतं. त्यात हा असा गवताकडे टक लावून बघणारा.

घरमालक अर्जुनरावांना ते सर्वेवाले वाटले. मोठा रस्ता गेल्यापासून आमच्याकडे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोणी अनोळखी बसलेला दिसला की लोक आधी आपला सातबारा शोधतात. अर्जुनरावांनी तर भाडं ठरवतानाच विचारून घेतलं होतं, "साहेब, अजून कोन्ता रस्ता येऊन राह्यला?" माझे यजमान ज्ञानेश्वर कृषी केंद्र चालवतात. त्यांना काकांची गंमत वाटायची. "काका, तुम्ही तण काढता, मीबी तणच काढतो," असं म्हणून तणनाशकाची बाटली हलवून दाखवायचे. काका हसायचे. मी हसत नव्हते. माझी मुलगी हिमानी तेव्हा अकरावीला होती, आणि काकांच्या खोलीचं दार आमच्या ओट्याच्या अगदी समोर उघडत होतं.

त्यांच्याबद्दल जे कळलं ते त्यांच्याच तोंडून, त्यामुळे खरं किती ते मला सांगता येणार नाही. पाटबंधारे खात्यात ते अनुरेखक होते. म्हणजे अभियंत्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि रेघ न् रेघ शाईने गिरवायची. सगळी नोकरी बुलढाण्यातच झाली. धरणात जाणाऱ्या जमिनींचे नकाशे त्यांच्या हातून गेले. एकदा मोबदल्यासाठी झाडं मोजायला साहेबांबरोबर ते शेतात गेले होते. आंबे मोजले, संत्री मोजली, सागवान मोजलं. एक पळस होता, ऐन फुललेला. साहेब म्हणाले, त्याला भाव नाही, सोडा. काकांनी त्या दिवशी कार्यालयाच्या कागदाच्या पाठीमागे पळसाची फांदी काढली. ते त्यांचं पहिलं झाड. "नकाशा गिरवताना जे आहे तेच गिरवायचं असतं, वहिनी," ते म्हणायचे. "झाडाचंही तेच. फक्त इथे वर साहेब नसतो."

लग्न का केलं नाही, असं माझ्या सासूबाईंनी, रुखमाबाईंनी, तोंडावर विचारलं. "बहिणीचं करता करता राहिलं," एवढंच उत्तर आलं. बहीण खामगावला. ती कधी आलेली मी पाहिली नाही.

मग उसणीचा प्रसंग झाला. थंडीचे दिवस होते. काका कमरेत वाकून, एक हात पाठीवर ठेवून आमच्या ओट्यापर्यंत आले.

"काकू, गल्लीत कोणी पायाळू आहे का हो? बसून बसून उसण भरली. औषध लावून पाहिलं, पण उतरत नाही."

सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांचा चेहरा उजळला. "दूर कायले जाता? घरातच हाय. आमची हिमानी पायाकडून आली. डाक्टरीण अशी घाबरली होती म्हन्ता! ये वं हिमे, काकाच्या पाठीले लाथ घाल."

"आजी, मी नाही कोणाला लाथ घालणार."

"अवं, लाथ म्हनाची पद्धत हाय. अंगठा लावाचा नुसता."

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हिमानीने चप्पल काढली, खांबाला धरून पाय उचलला आणि हसत हसत त्यांच्या पाठीला तीनदा अंगठा लावला. सासूबाईंनी विचारलं, "उतरली का?" काका म्हणाले, "अर्धी." सगळे हसले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी हिमानीला लगेच आत बोलावलं.

ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेलं माणूस, आमच्याकडे दोन जणांना लागतं. एक, ज्याच्या पाठीत उसण भरली आहे. दुसरा, ज्याला गुप्तधन काढायचं आहे. पायाळूला जमिनीखालचं दिसतं, असं हे दुसरे लोक मानतात. मी बी. ए. केलं आहे, माझा यातल्या कशावर विश्वास नाही. पण माझ्या विश्वास नसण्याने काय होतं? ज्यांचा आहे ते रात्री कुदळ घेऊन निघतात आणि बरोबर कोणाची तरी पोर घेऊन जातात. म्हणून हिमानी कशी जन्मली ते मी माहेरीसुद्धा फार कोणाला सांगितलं नव्हतं.

"आई, असं कोणापाशी बोलत जाऊ नका," मी सासूबाईंना आत घेऊन म्हटलं.

"काऊन? पाय काय उलटे हायेत तिचे?"

त्या दिवसापासून मला एकच कळून घ्यायचं होतं. या माणसाला खरंच उसण भरली होती, की गल्लीत पायाळू कोण आहे एवढं काढून घ्यायचं होतं?

आणि नेमकी तेव्हापासूनच हिमानी त्यांच्याकडे चित्र शिकू लागली. उसण उतरल्याबद्दल त्यांनी तिला पळसाची डहाळी दिली आणि आधी न बघता पान काढायला सांगितलं. तिने तीन पानं काढली, तिन्ही एकसारखी. आपण सगळे तशीच काढू. मग काकांनी खरं पान तिच्यासमोर ठेवलं.

"आता बघ. पळसाला पानं तीन, हे तू ऐकलेलं आहेस. बघितलेलं नाहीस."

हिमानी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाजूची दोन वाकडी आहेत. शिरेच्या एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला अरुंद."

"आणि मधलं?"

"मधलं दोन्हीकडे सारखं. देठाकडे निमुळतं, वर रुंद."

"पानावर विश्वास ठेवायचा नाही," काका म्हणाले. "डावी बाजू उजवीसारखीच असेल, असं धरून चाललं की चित्र चुकलंच."

त्यांचं हे एक बोलणं मला पटलं. मीही काही धरून चालत नव्हते. शिकायचं तर ओट्यावर बसून, दार उघडं ठेवून, अंधार पडायच्या आत घरी, अशी अट मी घातली. काकांनी ती लगेच मान्य केली. इतकी लगेच की मला तेही आवडलं नाही.

मी कारण काढून त्यांच्या खोलीत डोकावत असे. कधी कढीची वाटी घेऊन, कधी भांडं परत आणायला. खिडकीशी टेबल, रंगाच्या बशा, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या ठेवलेला स्टीलचा डबा. एकदा टेबलावर लिंबं दिसली. तीन लिंबं आणि सुई. मी वाटी तिथेच टेकवली.

"हे कशाला?"

"लिंबाच्या पानाला देठावर छोटे पंख असतात, ते हिमानीला दाखवत होतो. लिंबं फांदीबरोबरच आली."

"आणि सुई?"

"फुलाचे भाग सुटे करायला."

उत्तरं नेहमी तयार असायची. घरी आल्यावर मी लिंबाचं पान पाहिलं. देठावर पंख होते. पण पंख होते म्हणून सुई कशासाठी होती ते सिद्ध होत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काका रंग चुकवू लागले होते. हिरव्याच्या कडेला पिवळं जायचं. पानाची कड ते बोटाने चाचपून बघायचे आणि मग रेघ ओढायचे. हिमानी म्हणाली, "आई, काकांना मोतीबिंदू आहे. पांढऱ्यातला फरक तर त्यांना दिसतच नाही." मी म्हटलं, मग ऑपरेशन का करत नाहीत? तर म्हणे, फुलांचा हंगाम गेल्यावर. मला वाटलं, हे दुसरं निमित्त. आधी पाठ, आता डोळे. दोन्ही वेळा गरज माझ्याच मुलीची.

महाशिवरात्रीच्या सुमारास ते आमच्याकडे आले. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हिवरा आश्रमाच्या पुढे एका शेतात पांढऱ्या फुलांचा पळस आहे, असा त्यांना मेहकरहून कोणाचा तरी फोन आला होता.

"केशरी पळस आयुष्यभर काढला, पिवळाही एकदा काढला. पांढरा फक्त ऐकून आहे. फूल आठ-दहा दिवस टिकेल. पण पांढऱ्या कागदावर पांढरं फूल काढायचं तर सावल्या दिसायला हव्यात, आणि माझे डोळे असे. हिमानीला रविवारी नेऊ का?"

सासूबाईंच्या हातातली माळ थांबली. पांढरा पळस कशाला लागतो हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. धन कुठे पुरलं आहे ते त्या फुलाने कळतं म्हणे. पायाळू आणि पांढरा पळस. मी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. त्या रविवारी अमावस्या होती.

"रविवारच का?" मी विचारलं.

"तिला कॉलेजला सुट्टी असते म्हणून."

काका गेल्यावर मी ज्ञानेश्वरांना सगळं जोडून सांगितलं. ते म्हणाले, "तू पेपर फार वाचतेस. दिवसा नऊच्या बसने जाऊन राह्यले ते. धन काढाले कोणी एसटीनं जाते का?" हिमानी रडली. "दोन वर्षांनी मी कुठे असेन आणि ते झाड असेल की नाही, कोणाला माहीत?" शेवटी मी ठरवलं, तिला अडवायचं नाही, पण मीही जाणार. तिचा हात सोडायचा नाही.

मेहकरला बस बदलून आम्ही तिघं गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभऱ्याची सोंगणी झालेली होती, आणि मधूनमधून केशरी पळस, एक पान अंगावर नसलेले. काका खिडकीशी बसले होते, पण बाहेर बघत नव्हते. कागदाची नळी गुडघ्यांत धरून डोळे मिटून बसले होते. हे चित्रकाराचं लक्षण मला वाटलं नाही.

शेत दयाराम नावाच्या माणसाचं होतं. पळस धुऱ्यावर होता, आणि त्याच्याभोवती बाभळीच्या काट्यांचं छातीएवढं कुंपण. आत फांद्यांवर पांढरे घोस. लांबून कापूस अडकल्यासारखे दिसत होते. दयाराम हातात काठी घेऊन सामोरा आला.

"कोन पाह्यजे?"

काकांनी सांगितलं, फूल काढायचं आहे. दयारामचा चेहरा आणखी कडक झाला. "काढाचं हाय? ते पाहा," त्याने काठीने झाडाचं बूड दाखवलं. तिथे कंबरभर खड्डा होता, अर्धवट बुजवलेला. "मागच्या अमुशाले काढून गेले लोक. सकाळी पाह्यतो त हळद-कुंकू, बिबे, एका कोंबड्याचं मुंडकं. मही म्हातारी आजपावतर तापात हाय. आन तुमी बरोब्बर आजच्याच दिवशी आले."

"तोडायचं नाही हो, कागदावर काढायचं आहे. चित्र."

"सगळे असंच काहीबाही सांगतेत." तो आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघू लागला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुमच्यातलं पायाळू कोन हाय?"

शेजारच्या शेतातून दोन माणसं हातातलं काम टाकून बांधावर येऊन उभी राहिली होती. मला हिमानीची काळजी होती, आणि त्याहून जास्त भीती काकांची. आहे तेच गिरवणारा माणूस. पान चाचपून बघेल, पण जे नाही ते काढणार नाही. ते आता हिमानीकडे बोट करणार, आणि मग हे लोक काय करतील ते सांगता येत नव्हतं. हिमानीही त्यांचीच शिष्या. ती तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिचा दंड घट्ट दाबला.

"मी आहे," काका म्हणाले.

"तुमी?"

"हो. मी पायाळू. ही पोरगी सरळ आहे, आणि या तिच्या आई. मला आत येऊ देऊ नका, हवं तर. पोरीला जाऊ द्या. ती फक्त बघेल आणि काढेल. एक फूल तोडणार नाही."

दयारामने काकांना खालीवर न्याहाळलं. मग त्याने काठीने काटे बाजूला सारले. "बाई आन पोरगी जा. बुढा इथंच. फूल एक बी बाहेर जानार नाही, खाली पडलेलं बी नाही. जाताना थैली झटकून दाखवा लागन."

अशा रीतीने ज्याच्यासाठी एवढी यातायात केली, तो माणूस कुंपणाच्या बाहेर एका दगडावर बसला. तिथून त्यांना झाड म्हणजे एक पांढरा ढग दिसत असेल. तोही दिसत असेल की नाही, कोण जाणे.

हिमानी खाली बसून एका झुकलेल्या फांदीवरचं फूल बघू लागली. थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला.

"फुलाखालची वाटी कशी आहे? काळपट, मखमली?"

"नाही काका. हिरवट."

"हिरवट? सावलीमुळे वाटत असेल. हात आड धरून बघ."

"हात धरला. तरी हिरवटच."

बाहेर काका दगडावर सरसावून बसले. मग, "अरे वा. पुढे."

"फूल पूर्ण पांढरं नाही. टोकाला दुधात हळदीचं बोट बुडवल्यासारखं."

"टोकाला म्हणजे नेमकं कुठे? चोचीला की मागच्या पाकळीला?"

"चोचीला."

"सगळ्या फुलांना, की त्याच एकाला? एकावर विश्वास ठेवू नको."

ती दुसऱ्या फुलाकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. "जुन्यांना आहे. आज उमललेल्यांना नाही."

"मग दोन्ही काढ. आतून लव आहे का?"

हिमानीचा हात रंगात होता. "आई, बघ ना गं." मी वाकले. त्या फुलाला हात लावायची माझी इच्छा नव्हती. तरी पाकळी बोटाने उघडली. बारीक रेशमासारखी लव होती, पण बाहेरच्या बाजूला. मी ते सांगितलं.

"बाहेरून? नक्की, वहिनी?"

"मी सांगते ते पटत नसेल तर राहू द्या," मी म्हटलं. बांधावरचा एक जण हसला. दयाराम काठी खाली ठेवून आमच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने स्वतः एक फूल चिमटीत धरून बघितलं. "हाव, बाह्यरून हाय," तो काकांना ओरडून म्हणाला. "बाईचं बरोबर हाय, मास्तर."

उन्हं कलेपर्यंत हे चाललं. निघताना मी थैली उलटी करून झटकली, रंगाची पेटी उघडून दाखवली, हिमानीने ओढणी झटकली. काकांना त्या फुलाला हातही लावता आला नाही. बसमध्ये त्यांनी चित्र नाकाजवळ धरून पाहिलं आणि परत गुंडाळलं.

माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. हा माणूस खोटं किती सहज बोलला, हेच मला आठवत राहिलं. माझ्या मुलीसाठी बोलला हे खरं, पण बोलता येतं हे तर कळलं. आणि ते खोटंच होतं हे तरी कशावरून? पायाळू माणसालाही स्वतःच्या पाठीला स्वतःचा पाय लावता येत नाही.

पाडव्याच्या आधी एका दुपारी काकांच्या दारासमोर मोटारसायकल थांबली. दोन जण, दोघांच्या तोंडाला रुमाल. नंबरपाटीवर चिखल थापलेला, आणि आमच्याकडे तर दिवाळीनंतर पाऊस नव्हता. मी ओट्यावर पापड वाळत घालत होते, तिथेच थांबले.

"मास्तर, हिवऱ्याकडं ऐकलं का तुमी पायाळू हाय. एक जागा पाहाची हाय. गाडीनं नेतो, गाडीनं आनून सोडतो."

"मला समोरचं फूल दिसत नाही. जमिनीखालचं काय दिसणार?" काका म्हणाले.

"तुमी नुसतं उभं राहा. ते आमी पाहून घेऊ."

"नाही जमणार."

"मंग ते पोरगी कोन होती संगं? ते बी पाहून राह्यली होती म्हने बराच वेळ."

हिमानी आमच्या मधल्या खोलीत अभ्यास करत होती. तिच्या चपला ओट्याच्या पायरीवर होत्या. मी त्या पायाने आत सरकवल्या.

"भाची होती खामगावची," काका म्हणाले. "परीक्षेला गेली. आता येत नाही."

त्यांनी आमच्या घराकडे मान वळवली नाही. ते दोघे थोडा वेळ गल्लीत इकडेतिकडे बघत राहिले. मी मोठ्याने हाक मारली, "अहो अर्जुनराव, जरा बाहेर या, पाहुणे आलेत!" अर्जुनराव बाहेर यायच्या आत गाडी वळली होती.

संध्याकाळी ज्ञानेश्वरांनी पोलीस पाटलांना सांगितलं. काकांना मेहकरला नेऊन ऑपरेशनची तारीखही घेतली. त्यांना आता एकटं ठेवणं बरं नव्हतं. जी मोटारसायकल माझ्या दाराशी आली असती ती त्यांच्या दाराशी आली होती.

डोळ्यावर हिरवी पट्टी असताना मी त्यांना जेवण द्यायला गेले, तेव्हा राहवेना म्हणून विचारलं.

"काका, खरं सांगा. तुम्ही पायाळू आहात का?"

त्यांनी पोळीचा तुकडा हाताने चाचपला. "ते आईला माहीत होतं, वहिनी. ती मी लहान असतानाच गेली. मी तिथे होतो, पण मी पाहिलेलं नाही."

"म्हणजे खोटं बोललात?"

"तेही सांगता येत नाही."

असं उत्तर देणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांच्या ओट्यावरची शिकवणी मी बंद केली. गल्लीतून कोणीही येतं-जातं, कोण कशाला बघतं सांगता येत नाही. आता काका रोज दुपारी आमच्याकडे येतात. मागच्या पडवीत त्यांची खुर्ची आणि हिमानीचा पाट मी स्वयंपाकघराच्या दारासमोर ठेवला आहे. गॅसपाशी उभं राहिलं की तिथून मला दोघंही दिसतात.